मुदखेड, मुखेड आणि वाळवंटातलं खोतान

नांदेड जिल्ह्यात मुदखेड आहे आणि मुखेडही आहे. मध्ये एक 'द' काय तो जास्त! मुदखेड नांदेडच्या पूर्वेला, वीस-पंचवीस किलोमीटरवर. मुखेड पार दुसऱ्या टोकाला, लातूरच्या हद्दीकडे. बाहेरगावच्या पाहुण्याला पत्ता सांगताना हा 'द' जरा दाबूनच म्हणावा लागतो, नाहीतर पाहुणे एकीकडे आणि जेवणाची ताटं दुसरीकडे.

मुदखेड म्हणजे फुलांचं गाव. आणि रेल्वेचं जंक्शन. इथे रूळ फुटतात. एक फाटा भोकर, हिमायतनगर, किनवट करत आदिलाबादला जातो. दुसरा उमरी, धर्माबादवरून निजामाबाद आणि पुढे हैदराबादकडे. खिडकीत बसून स्टेशनांच्या पिवळ्या पाट्या वाचत गेलात तर तुमच्या लक्षात येईल, की काही नावांचा अर्थ लगेच कळतो आणि काहींचा काही केल्या कळत नाही. भोकर हे झाडाचं नाव, त्याच्या फळांचं लोणचं घालतात. उमरी म्हटलं की उंबर आठवतो. पण मुदखेड?

आधी सोपा अर्धा भाग घेऊ. खेड.

गंगाखेड, सिंदखेड, नरखेड, रत्नागिरीतलं नुसतंच खेड, पुण्याजवळचं खेड (ज्याला आता राजगुरुनगर म्हणतात), गुजरातेत 1918 साली शेतकऱ्यांचा सत्याग्रह झाला तो खेडा जिल्हा, हे सगळे एकाच घराण्यातले. संस्कृतात शब्द आहे 'खेट'. नगरापेक्षा लहान, शेतकऱ्यांची वस्ती. जुन्या जैन ग्रंथांत वस्त्यांच्या प्रकारांची यादी येते, तिच्यात खेटाची खूणही दिलेली आहे: जिच्याभोवती मातीचा तट असतो ती वस्ती. मराठवाड्यातल्या मुलांना हे डोळ्यांसमोर आणायला अवघड नाही. अजून कितीतरी गावांत पांढऱ्या मातीची गढी उभी आहे, निम्मी पडलेली, पावसाळ्यात गवत उगवणारी. आपल्याकडे गावठाणाच्या जमिनीला 'पांढरी' म्हणतात आणि पिकाच्या जमिनीला 'काळी', हे आजोबांना विचारून घ्या.

पण खेटचं खेड झालं कसं? ट गेला कुठे?

इथे एक प्रयोग करायचा आहे. सामान काहीच लागत नाही. दोन बोटं गळ्यावर, कंठमण्याशी ठेवा. आता म्हणा 'अटा'. मग म्हणा 'अडा'. सावकाश, पुन्हा एकदा. 'अटा' म्हणताना मध्येच बोटांखालची थरथर क्षणभर बंद पडते. 'अडा' म्हणताना ती चालूच राहते.

ती थरथर म्हणजे तुमच्या स्वरतंतूंची कंपनं. अ, आ, इ, ए हे सगळे स्वर थरथरीनेच निघतात. ड, ग, द, ब यांनाही ती लागते. ट, क, त, प यांना लागत नाही. आता दोन स्वरांच्या मध्ये ट सापडला, तर गळ्याला काय करावं लागतं? थरथर चालू, मग बंद, मग लगेच चालू. माणूस बोलण्याच्या बाबतीत फार आळशी प्राणी आहे. शेकडो वर्षं, लाखो तोंडं, रोजचं बोलणं. हळूहळू लोकांनी मधलं 'बंद' करणं सोडून दिलं. ट चा ड झाला. कुणी ठरवलं नाही आणि कुणाला कळलंही नाही.

आणि हे एकट्या खेडचं झालं नाही, खरी गंमत ती आहे. 'वट'चा वड झाला. 'घोटक'चा घोडा झाला. 'कटु'चं कडू, 'कीट'ची कीड, 'घट'चा घडा. दाराला म्हणतात ते 'कवाड' मूळचं 'कपाट'. तिथे तर प चा व आणि ट चा ड असं दोन्ही एकदम झालं. शब्द झिजतात, पण वाटेल तसे झिजत नाहीत, नियमाने झिजतात.

एवढ्यात वर्गातला एखादा हुशार हात वर करेल: मग 'वाट'चं वाड का नाही झालं? शाबास. कारण त्या शब्दात एके काळी ट जोडीने होता, 'वट्ट'. जोडाक्षर सहजासहजी वितळत नाही. जोडीतला एक जातो, दुसरा टिकतो आणि त्याच्या आधीचा स्वर लांबतो. 'सत्त'चे सात, 'हत्थ'चा हात, 'मुग्ग'चा मूग. ही युक्ती लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता हा नियम घेऊन जरा लांब जाऊ. हिमालय ओलांडून, काराकोरम ओलांडून पलीकडे. तिथे तकलामकान नावाचं भलं मोठं वाळवंट आहे आणि त्याच्या काठाकाठाने गावं आहेत: काशगर, यारकंद, खोतान, कुचा, आक्सू. हा भाग आज चीनच्या शिंच्यांग या स्वायत्त प्रदेशात येतो आणि तिथे उइघुर लोक राहतात. त्यांची भाषा तुर्की भाषांच्या कुटुंबातली, लिपी अरबी वळणाची, उजवीकडून डावीकडे लिहायची.

त्यांची काही नावं आपल्या उमरी-भोकरसारखीच सरळ आहेत. 'आक' म्हणजे पांढरं, 'सू' म्हणजे पाणी. आक्सू झालं पांढरं पाणी. 'कारा' म्हणजे काळा. काराकोरम म्हणजे काळे खडे. काशगरजवळ येंगीसार नावाचं एक गाव आहे, तिथल्या सुऱ्या प्रसिद्ध. 'येंगी' म्हणजे नवा आणि 'हिसार' म्हणजे किल्ला, तोच शब्द जो हरियाणातल्या हिसार शहराला मिळालाय. नवा किल्ला! शतकं लोटली तरी तो नवाच. पुण्यातल्या नवी पेठेचंही तेच.

आणि लडाखमधलं दौलत बेग ओल्दी तुम्ही बातम्यांत ऐकलं असेल. भारतीय सैन्याची अगदी उत्तरेकडची चौकी, विमानं उतरतात ती जागा. हे नाव उइघुर व्यापाऱ्यांच्या बोलीतलं आहे. यारकंदहून लेहला येणारे तांडे त्याच वाटेने यायचे. 'ओल्दी' म्हणजे मेला. म्हणजे पूर्ण नाव झालं 'दौलत बेग मेला'. थंडी, उंची, ना झाड ना झुडूप. अशा वाटेवर लोक जागेला दुसरं काय नाव देणार? त्यातला 'दौलत' मात्र आपल्या शेजारचा आहे. देवगिरीचं दौलताबाद झालं, त्यातला हाच दौलत.

पण मला तुम्हाला सांगायची आहे ती खोतानची गोष्ट. ही गोष्ट लिहून ठेवणारा माणूस महाराष्ट्रातही येऊन गेला होता.

त्याचं नाव ह्युएनत्संग. चिनी बौद्ध भिक्षू. सातव्या शतकात तो बुद्धाचे ग्रंथ शोधत चालत निघाला. जाताना तुर्फान, कुचा, आक्सू या बाजूने गेला. भारतात वर्षानुवर्षं राहिला. साधारण 641 साली तो महाराष्ट्रात आला, तेव्हा इथे चालुक्यांचा दुसरा पुलकेशी राज्य करत होता. परतताना काशगर, मग खोतान, आणि 645 साली तो चीनच्या राजधानीत पोचला. आपलं 'महाराष्ट्र' हे नाव त्याने लिहिलं 'मो-हो-ला-छा'. हसू नका. चिनी लिपीत एक चिन्ह म्हणजे एक अख्खा आवाज. त्यात बसवायचं तर असंच होणार. तुमचं नाव चिनीत कसं होईल ते बघा एकदा.

खोतानला पोचल्यावर त्याने तिथल्या लोकांना विचारलं असणार, तुमच्या राज्याचं हे नाव कसं पडलं? आणि त्याला जी गोष्ट मिळाली ती अशी.

खोतानचा राजा म्हातारा झाला, पण मूल नाही. तो वैश्रवणाच्या देवळात गेला. वैश्रवण म्हणजे आपला कुबेर. राजाने पुष्कळ प्रार्थना केली, तेव्हा मूर्तीचं कपाळ उघडलं आणि आतून एक बाळ निघालं! राज्यात आनंदीआनंद. पण बाळ दूध पिईना. काही केल्या पिईना. राजा घाबरून पुन्हा देवळात. तेव्हा मूर्तीसमोरची जमीन एकाएकी फुगून वर आली, आईच्या स्तनासारखी, आणि बाळ त्यातून दूध प्यायलं. म्हणून राज्याचं नाव 'कुस्तन'. संस्कृतात 'कु' म्हणजे पृथ्वी. पृथ्वीचा स्तन, कुस्तन.

सुंदर गोष्ट आहे. वाळवंटातल्या गावाला तर फारच शोभते. सगळीकडे रेती, आणि मध्येच डोंगरावरून बर्फाचं पाणी घेऊन येणाऱ्या दोन नद्या. एकीचं नाव युरुंगकाश, पांढऱ्या जेडची. दुसरीचं काराकाश, काळ्या जेडची. जेड म्हणजे हिरवट-पांढरा मौल्यवान दगड, तो नदीच्या गोट्यांतून वेचतात. त्या गावातल्या माणसाला जमीनच आई वाटली तर नवल काय? आपण नाही का शेताला 'काळी आई' म्हणत?

पण थांबा. बोटं परत गळ्यावर ठेवा, म्हणजे नियम आठवतील, आणि ह्युएनत्संगची जरा उलटतपासणी घेऊ.

हा माणूस फार प्रामाणिक. गोष्ट तर त्याने लिहिलीच, पण पुढे हेही लिहिलं, की स्थानिक लोक बोलताना आपल्या देशाला 'हुआन-ना' म्हणतात, बाहेरचे लोक आणखी वेगवेगळं काही म्हणतात, आणि चिनी लोक जुन्या काळापासून जे नाव वापरतात ते बिघडलेलं आहे. त्याच्या मते संस्कृत 'कुस्तन' हेच शिष्ट नाव, आणि 'हुआन-ना' नुसती बोली.

यावर निकाल कसा लागणार? त्याच्याआधीचा लेखी पुरावा हवा. तो मिळाला रेतीत. ऑरेल स्टाइन नावाचा संशोधक 1901 साली खोतानच्या पूर्वेला निया नावाच्या ओसाड जागी खणत होता. तिथे लाकडी पाट्या निघाल्या. कोरड्या वाळूत लाकूडही शेकडो वर्षं टिकतं. त्या पाट्यांवर सरकारी हुकूम होते, तक्रारी होत्या, जनावरांचे हिशेब होते. भाषा? प्राकृत! गांधारी प्राकृत, खरोष्ठी लिपीतली. आपली मराठी जिच्यातून आली त्या महाराष्ट्री प्राकृताची ही नात्यातलीच. आणि त्या तिसऱ्या-चौथ्या शतकातल्या पाट्यांवर खोतानचं नाव आहे 'खोतन'. कुस्तन नव्हे. खोतानच्या लोकांची स्वतःचीही एक भाषा होती, इराणी वळणाची. तिच्यातली कागदपत्रंही पुढे सापडली. त्यांत जुनं रूप 'ह्वतन' आहे, नंतर झिजून 'ह्वंन'. मधला त गळून गेला. म्हणजे ह्युएनत्संगने ऐकलेलं 'हुआन-ना' अगदी बरोबर होतं! ज्याला तो नुसती बोली समजला, ते खोतानच्या माणसांचं घरचं नाव होतं. कुस्तन हे पंडितांनी त्याला घातलेलं संस्कृत अंगरखं. आणि अंगरखं अंगाला बसावं म्हणून मागून गोष्ट शिवली.

उइघुर लोक तिथे वसण्याआधीचं हे सगळं. नंतर भाषा बदलली, धर्म बदलला, राजे बदलले. नाव मात्र आजही त्यांच्या तोंडी खोतानच आहे. चीनच्या कागदोपत्री तेच 'हतिएन' असं लिहितात.

आता परत येऊ घरी. नांदेडला.

नांदेडची गोष्ट तुम्ही ऐकली असेल: शंकराच्या नंदीने गोदावरीच्या तटावर तप केलं, म्हणून नंदितट, म्हणून नांदेड. ही पण गोष्टच. पण गंमत अशी, की इथे लेखी पुरावा गोष्टीच्या बराच जवळ येतो. वाशिमला एक ताम्रपट सापडला, वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा, चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातला. राजाने एक गाव दान दिलं, त्याची ही नोंद. ते गाव कुठे होतं? तर एका ठिकाणाच्या उत्तरेकडच्या भागात. त्या ठिकाणाचं नाव अभ्यासक 'नांदीकट' किंवा 'नांदीकड' असं देतात, आणि ते म्हणजे आजचं नांदेड असं मानतात.

नांदीकट. आता चालवा नियम. ट चा ड: नांदीकड. दोन स्वरांमधला क गळतो, जसा कुंभकाराचा कुंभार आणि लोहकाराचा लोहार झाला: नांदीअड. ई आणि अ एकमेकांत मिसळले: नांदेड! एकही पायरी चुकली नाही. सोळाशे वर्षांपूर्वीचं तांब्याचं पान आणि तुमच्या एसटीची पाटी, दोन्ही एकाच रांगेत. नंदीची गोष्ट 'तट' म्हणते आणि ताम्रपटात 'कट' किंवा 'कड' आहे, एवढाच फरक. नियमाने दोन्ही चालतात, म्हणून मी ताम्रपटाकडे झुकतो. त्याला गोष्ट सांगायची नव्हती, फक्त गावाचा पत्ता लिहायचा होता. पुराव्याच्या बाबतीत असा रुक्ष माणूसच बरा.

लातूरचंही पाहा. राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लत्तलूरपुरवराधीश्वर' म्हणवून घ्यायचे. दमलात? म्हणजे लत्तलूर या उत्तम नगराचे स्वामी. नवव्या शतकातल्या अमोघवर्ष राजाच्या काळात ही पदवी कोरलेली आढळते. 'लत्त'चं लात झालं, अगदी 'सत्त'चे सात झाले तसं, आणि एक ल गळून लातूर उरलं. शेवटचा 'ऊर' मात्र संस्कृतातला नाही, कानडी-तेलुगू-तमिळ भाषांमधला आहे. त्याचा अर्थ गाव. देगलूरच्या शेपटीतही तोच ऊर ऐकू येतो, बेंगळूरु आणि नेल्लूरमध्येही. आपला मुलूख तीन भाषांच्या शिवेवर आहे. देगलूर, बिलोली, धर्माबादच्या बाजारात आजही मराठी आणि तेलुगू एकाच तराजूत मोजली जाते. नागपूर, तुळजापूर यांच्यावर मात्र फसू नका. तिथे 'पूर' आहे.

कधी कधी नाव झिजायलाही वेळ मिळत नाही, ते एकदम बदललं जातं. मुदखेडहून आदिलाबादच्या गाडीत बसलात की लागणारं हिमायतनगर म्हणजे जुनं वाढोणा. नवं नाव कागदावर आलं, तरी तिथला परमेश्वर आजही वाढोण्याचा परमेश्वर आहे. मलिक अंबरने 1610 मध्ये वसवलेल्या खडकीचं आधी फतेहनगर, मग औरंगाबाद, आणि आता छत्रपती संभाजीनगर झालं. याउलट पैठण पाहा. 'प्रतिष्ठान'चं पैठण कधी झालं असेल? दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या किनाऱ्याची माहिती लिहिणाऱ्या एका ग्रीक व्यापाऱ्याने नाव लिहिलंय 'पैठना'. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर. म्हणजे राजे ताम्रपटात प्रतिष्ठान लिहीत बसले, तेव्हासुद्धा बाजारात लोक पैठणच म्हणत होते.

आता राहिला तो मुदखेडमधला 'मुद'. हे काम मी तुमच्यासाठी ठेवलंय, पण दोन-तीन सापळे आधीच दाखवून ठेवतो.

कुणीतरी म्हणेल: सोपं आहे, मुद्ग म्हणजे मूग, मुगाचं खेडं! पण 'मुद्ग'चं मुग्ग आणि मग मूग झालं, हे आपण पाहिलं. तसं असतं तर पाटीवर मुगखेड लिहिलेलं असतं. दुसरा म्हणेल: मृद् म्हणजे माती, मातीच्या तटाचं खेट! मलाही हे फार आवडलं असतं, अगदी जमून आल्यासारखं वाटतं. पण 'मृदु' या शब्दाचं मराठीत काय झालं आठवतंय? मऊ. ऋ चा अ झाला आणि एकटा द गळून गेला. 'कदली'ची केळ आणि 'बदर'चं बोर होतानाही द असाच गळाला. मग मुदखेडचा द कसा टिकला? एक तर तो मुळात जोडाक्षरात असला पाहिजे, किंवा हा शब्द त्या मानाने तरुण असला पाहिजे. हा तुमचा पहिला धागा.

दुसरा धागा कागदात. इथे 1948 पर्यंत निजामाची राजवट होती, जुनी दफ्तरं उर्दूत आहेत, त्याआधीची फारसीत, काही मोडीत. उर्दूत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीतच नाहीत. त्यामुळे तेच अक्षर मदखेड, मिदखेड, मुदखेड असं कसंही वाचता येतं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ उकार वेगळे पाळत नाहीत. तेव्हा जुना कागद मिळाला तर एकाच जागी वाचून उड्या मारू नका. तेच नाव आणखी कुठे, कुणी, कोणत्या लिपीत लिहिलंय ते पाहा.

तिसरा धागा घरात बसलेला असतो, बहुतेक पान लावत. गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आजीला गावाचं नाव विचारा, पण 'मुदखेड' हा शब्द तुम्ही आधी उच्चारू नका. ती कसं म्हणते ते ऐका आणि जसंच्या तसं लिहा, शुद्धलेखन दुरुस्त न करता. मग शेतांची, ओढ्यांची, विहिरींची नावं विचारा. गावाचं नाव बदलायला राजे असतात, शेताचं नाव बदलायला कुणी येत नाही. आणि तिने एखादी गोष्ट सांगितली तर तीही लिहून घ्या, वहीच्या वेगळ्या पानावर.